दुपारी एकच्या आत

१८ जुलै २०२४, गुरुवार, दुपारी एक. वझीरएक्स या मुंबईच्या क्रिप्टो एक्स्चेंजवरून पैसे काढणं बंद झालं. पुढे कंपनीने ग्राहकांच्या शिलका ज्या घटकेच्या धरल्या, ती घटका हीच. तोवर सुमारे साडेतेवीस कोटी डॉलरची, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या आसपासची नाणी हातची गेली होती.

क्रिप्टोत पैसे टाकावेत की ही सगळी बनवाबनवी आहे, हा वाद घरोघरी शेवटी भावावर येऊन अडतो. भाचा म्हणतो, बिटकॉइन बघा कुठे गेला. मामा म्हणतो, उद्या शून्यावर येईल तेव्हा मला सांग. त्या गुरुवारी मात्र भाव कोसळलेला नव्हता, आणि एक्स्चेंजचे चालक गाशा गुंडाळून पळालेलेही नव्हते. मामा-भाच्याच्या वादात जी दोन संकटं बसतात, त्यांपैकी एकही आलं नव्हतं. तरी पैसे गेले. ते कसे गेले याचा हा घटनाक्रम.

दीड वर्ष आधी

काटा खरा तर फेब्रुवारी २०२३ पासूनच फिरू लागला होता. निश्चल शेट्टी, समीर म्हात्रे आणि सिद्धार्थ मेनन या तिघांनी २०१८ मध्ये वझीरएक्स सुरू केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टो व्यवसायापासून दूर राहायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक ४ मार्च २०२० ला रद्द केलं आणि बाजार पुन्हा फुलला. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१९ मध्ये, जगातल्या बड्या एक्स्चेंजांपैकी एक असलेल्या बायनान्सने वझीरएक्स विकत घेतल्याची घोषणा झाली होती. ग्राहकांनी ते नाव पाहिलं आणि निर्धास्त झाले.

ऑगस्ट २०२२ मध्ये ईडीने वझीरएक्सच्या खात्यातले ६४.६७ कोटी रुपये गोठवले. लगेच बायनान्सचे प्रमुख चांगपेंग झाओ यांनी जाहीर करून टाकलं, की तो सौदा कधी पूर्ण झालाच नव्हता आणि ही कंपनी आमची नाही. शेट्टी म्हणाले, तुमचीच आहे. मालक कोण यावरून दोन मालकांत जाहीर तंटा, आणि मधे ग्राहक! हा तंटा पुढेही मिटला नाही. पण त्याचा एक परिणाम लगेच झाला. नाणी सांभाळायची बायनान्सची व्यवस्था बंद झाली आणि फेब्रुवारी २०२३ पासून वझीरएक्सने ते काम लिमिनल या कंपनीच्या यंत्रणेकडे नेलं. पुढे नाण्यांचं जे पाकीट, म्हणजे वॉलेट, फुटलं ते या यंत्रणेवरचं.

महिनाभर आधी

जून २०२४ मध्ये वझीरएक्सने आपल्याकडच्या साठ्याचा हिशेब मांडला. पन्नास कोटी डॉलरहून थोडी जास्त मालमत्ता, ग्राहकांचं देणं त्याहून कमी. म्हणजे रुपयाला रुपया होता. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण महाराष्ट्रात ‘क्रिप्टो घोटाळा’ म्हटलं की आठवतं ते पुण्यात गाजलेलं गेनबिटकॉइन. अमित भारद्वाजच्या त्या योजनेत बिटकॉइन द्या आणि दीड वर्ष महिन्याला दहा टक्के मिळवा, असं आमिष होतं. वर साखळी योजनेचं कमिशन. भारद्वाजला २०१८ मध्ये अटक झाली, २०२२ च्या जानेवारीत तो वारला. त्याच वर्षी मार्चमध्ये पुणे पोलिसांनी तपासाला मदत करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांनाच अटक केली. जप्त पाकिटांतली नाणी वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने याच प्रकरणात छापे घातले, तेव्हा यादीत पुण्यासोबत नांदेड आणि कोल्हापूरही होतं.

तशा फसवणुकीची खूण पटते. महिन्याला दहा टक्के म्हणणाऱ्याला शहाण्या माणसाने दारातूनच वाटेला लावावं. वझीरएक्समध्ये अशी खूण नव्हती. कंपनी व्याजाचं वचन देत नव्हती, केवायसी घेत होती, केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे विक्रीवर एक टक्का कर कापून भरत होती. सरकारही १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के घेत होतं आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करू देत नव्हतं. कर घेतोय म्हणजे सरकारची मान्यता आहे, असा समज त्यामुळे पसरला. तो चूक होता. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ पाच लाखांपर्यंत देतं. शेअर डिपॉझिटरीत तुमच्या नावावर असतात, दलाल बुडाला तरी ते राहतात. क्रिप्टो एक्स्चेंजवर यांतलं काहीच लागू नव्हतं.

आठ दिवस आधी

बुधवार, १० जुलै. इथेरियमच्या साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, कुणीतरी एक छोटा प्रोग्राम चढवला. त्यासाठी लागणारं किरकोळ शुल्क टोर्नेडो कॅशमधून आलं होतं. अनेकांची नाणी एकत्र घुसळून कुणाचं कुठलं हे कळू न देणारी ती सोय. साखळीवरची प्रत्येक नोंद सगळ्या जगाला दिसते, तशी हीही दिसत होती. पण रोज अशा हजारो नोंदी होतात. हा प्रोग्राम कशासाठी हे लिहिणाऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि चढवून झाल्यावर त्याने आठ दिवस काहीही केलं नाही.

आदला दिवस

बुधवार, १७ जुलै. आषाढी एकादशी. मोहरमही त्याच दिवशी, त्यामुळे मुंबईचा शेअर बाजार बंद. क्रिप्टोचा बाजार मात्र सणवार जाणत नाही आणि रात्रीही मिटत नाही. याचं त्याच्या जाहिरातींत फार कौतुक असतं.

इथे एक माणूस कल्पनेने उभा करतो. काशीला गेलेल्यांना गंगेपलीकडचं रामनगर माहीत असतं. काशीनरेशांचा किल्ला, लालबहादूर शास्त्रींचं घर, अनंत चतुर्दशीला सुरू होऊन महिनाभर चालणारी रामलीला. समजा तिथल्या एका दुकानदाराने फोनवर वझीरएक्स उघडून लाख रुपयांची नाणी घेतली आहेत. थोडं बिटकॉइन, थोडं एक्सआरपी, पुतण्याच्या आग्रहाखातर थोडं शिबा इनू. एकादशीच्या संध्याकाळी तो ॲप उघडतो, आकडा हिरवा आहे. हे पैसे आहेत कुठे? रामनगरात नाहीत, मुंबईतही नाहीत. ज्या पाकिटात नाणी आहेत त्याच्या चाव्या भलत्याच लोकांकडे आहेत. त्याच्याकडे आहे ती कंपनीच्या वहीतली एक नोंद, आणि सिंगापूरची झेट्टाई नावाची जी कंपनी पुढे वझीरएक्सच्या वतीने हिशेबाला उभी राहणार आहे, तिचं नाव त्याने ऐकलेलंही नाही.

गुरुवार सकाळ

वझीरएक्सच्या त्या पाकिटाला सहा सह्याजीराव होते. पाच कंपनीचे, सहावी सही लिमिनलची. पैसे हलवायला चार सह्या लागत: कंपनीतल्या तिघांच्या, आणि शेवटी लिमिनलची. तिघांच्या चाव्या लेजर या हार्डवेअर उपकरणांत होत्या, म्हणजे नुसत्या इंटरनेटवरून चोरता येऊ नयेत अशा. शिवाय पैसे कुठल्या पत्त्यांवर जाऊ शकतात याची यादी आधीच ठरलेली. कागदावर यापेक्षा चोख बंदोबस्त सांगणं अवघड आहे.

आपल्याकडे गृहनिर्माण संस्थेचा चेक असाच निघतो. अध्यक्ष, सचिव, खजिनदार तिघांनी सही करायची. आता समजा, मॅनेजर कागद हाताने झाकून फक्त सहीची जागा उघडी ठेवतो आणि म्हणतो, ‘वीजबिलाचा आहे.’ तिघंही सही करतात. पण झाकलेला कागद चेक नसतोच. तो असतो ठराव, की उद्यापासून संस्थेचं खातं एक अनोळखी इसम एकट्याच्या सहीने चालवील.

त्या सकाळी घडलं ते हेच. कंपनीचं म्हणणं असं, की समोरच्या पडद्यावर नेहमीचा, यादीतल्या पत्त्यावरचा व्यवहार दिसत होता, आणि सही झाली ती भलत्याच मजकुरावर. लेजरसारख्या उपकरणाच्या चिमुकल्या पडद्यावर गुंतागुंतीचा व्यवहार वाचता येत नाही, अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक माळ दिसते. माणूस मोठ्या पडद्यावर विश्वास ठेवतो आणि बटण दाबतो. या धंद्यात त्याला आंधळी सही म्हणतात, आणि ती रोजचीच झाली होती. पहिली सही झाली. दुसरी झाली. तिसरी झाली. मग मजकूर लिमिनलकडे गेला. तिथली चौथी सही हीच शेवटची चौकी होती. तीही झाली.

बाराच्या सुमारास

थोडं तांत्रिक आहे, पण सगळा खेळ इथेच आहे. पाकीट ‘सेफ’ नावाच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या रचनेचं होतं. या रचनेत साखळीवरचं पाकीट स्वतः फारसं काही करत नाही. किती सह्या लागतात, त्या तपासायच्या कशा, हे सगळे नियम दुसऱ्याच एका प्रोग्राममध्ये असतात आणि पाकिटात फक्त त्याचा पत्ता लिहिलेला असतो. चार सह्या झालेल्या त्या व्यवहाराने एकही नाणं हललं नाही. त्याने तो पत्ता बदलला. नवा पत्ता होता १० जुलैला चढवून ठेवलेल्या प्रोग्रामचा.

त्या क्षणानंतर वझीरएक्सच्या पाच आणि लिमिनलच्या एका चावीला काही अर्थ उरला नाही. एकही चावी न चोरता कुलूपच बदललं गेलं होतं. यादी, उपकरणं, सहापैकी चार, सगळं होतं तिथेच होतं आणि कुणालाच अडवत नव्हतं.

बारा ते एक

मग पाकीट रिकामं होऊ लागलं. दोनशेहून अधिक प्रकारची नाणी त्यात होती. पंधरा हजारांहून अधिक ईथर गेले, पाच कोटी डॉलरच्या वरचे. मॅटिक गेलं, पेपे गेलं, गाला गेलं, डॉलरशी बांधलेलं टेदर गेलं. चोरीतला सगळ्यांत मोठा वाटा मात्र शिबा इनूचा, दहा कोटी डॉलरहून अधिक. कुत्र्याचं चित्र असलेलं हे नाणं थट्टेतून जन्मलं. नाण्यांची संख्याच साडेपाच लाख कोटींच्या घरात. भविष्यातला पैसा, बँकांविना व्यवहार, विकेंद्रित जग अशी मोठी भाषा ज्या बाजारात चालते, तिथल्या भारतीयांच्या तिजोरीत सगळ्यांत मोठा ढीग या कुत्र्याचा निघाला. रामनगरच्या पुतण्याला एकट्याला काय बोलायचं?

पहिली जाहीर आरोळी बाहेरच्यांनी ठोकली. साखळीवर पाळत ठेवणाऱ्या सायव्हर्स या इस्रायली कंपनीने एक्सवर वझीरएक्सला उद्देशून लिहिलं, की तुमच्या पाकिटातून संशयास्पद व्यवहार होताहेत, २३.४९ कोटी डॉलर नव्या पत्त्यावर गेलेत, आणि तिकडे ते ईथरमध्ये बदलणंही सुरू आहे. हे वाचणारा कुणीही साखळी उघडून चोरी चालू असताना पाहू शकत होता. थांबवू मात्र जवळजवळ कुणीच शकत नव्हतं. बँकेत निदान फोन करून व्यवहार अडवता येतो. इथे असा फोन घेणारा सहसा कुणी नसतो. ज्या गुणासाठी हे नाणं विकत घेतलं जातं, की सरकार, बँक, कुणीच मधे येऊ शकत नाही, तो गुण त्या तासाभरात चोराच्या कामी आला.

एक

वझीरएक्सने जाहीर केलं, की एका पाकिटाच्या सुरक्षेला भगदाड पडलंय, नाणी आणि रुपये दोन्ही काढणं थांबवत आहोत. रामनगरात दुकानदार जेवायला बसला असेल. ॲपमधला आकडा तसाच होता. सकाळी होता त्याहून फार कमी नाही. फक्त तो आता काढता येत नव्हता.

दुपारनंतर

खरेदी-विक्री मात्र चालूच राहिली, आणि त्यातून एक विचित्र दृश्य निर्माण झालं. बाहेर पडायची वाट बंद, आत बाजार सुरू. वझीरएक्सच्या आत बिटकॉइन बाहेरच्यापेक्षा बराच स्वस्त मिळू लागला, कारण आतला बिटकॉइन हा बिटकॉइन राहिलाच नव्हता, तो वझीरएक्सवरचा भरवसा होता आणि त्याचा भाव पडत होता. पुढे कंपनीने एक वाजल्यानंतरचे हे सौदे उलटवायचं ठरवलं, म्हणजे त्या दोन-तीन दिवसांत ज्यांनी डोकं चालवलं त्यांचीही मेहनत पाण्यात.

शुक्रवारी, १९ जुलैला, क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटने जगभरची विमानतळं आणि संगणक ठप्प झाले आणि बातम्यांचा पहिला रकाना तिकडे गेला. रविवारी, गुरुपौर्णिमेला, वझीरएक्सने खरेदी-विक्रीही थांबवली. पैसे परत आणून देणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं, ते पुढे वाढवून वसुलीच्या दहा टक्क्यांपर्यंत, सव्वादोन कोटी डॉलरच्या वर नेलं. चोराने त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याने सगळ्याचे ईथर करून घेतले आणि सप्टेंबरात ते टोर्नेडो कॅशमध्ये घालून दिसेनासे केले.

२७ जुलैला कंपनीने ग्राहकांपुढे प्रस्ताव ठेवला: ५५ टक्के नाणी मोकळी करतो, ४५ टक्के अडकून राहतील. चोरी झाली ती इथेरियमवरच्या एका पाकिटातून. ज्याच्याकडे फक्त बिटकॉइन होता त्याचं त्यातून काहीच गेलं नव्हतं. तरी तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा! एवढा गदारोळ झाला, की कंपनीला तो कौल बंधनकारक नसल्याचं सांगावं लागलं. पण कल्पना टिकली, आणि शेवटी थोड्या वेगळ्या रूपात तीच अमलात आली.

दोष कुणाचा, यावर तर मौजच झाली. वझीरएक्सने गूगलच्या मँडियंट या कंपनीकडून तिन्ही सह्याजीरावांचे लॅपटॉप तपासून घेतले. निष्कर्ष: घुसखोरीचा पुरावा नाही. लिमिनलने ग्रँट थॉर्नटनकडून आपली यंत्रणा तपासून घेतली. निष्कर्ष: इथेही घुसखोरी नाही. दोन स्वच्छ दाखले आणि दोन हजार कोटी गायब. १४ जानेवारी २०२५ ला अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदन काढून ही चोरी उत्तर कोरियाच्या हॅकरांची असल्याचं सांगितलं. महिनाभराने, २१ फेब्रुवारीला, दुबईच्या बायबिट एक्स्चेंजवर जवळजवळ याच रीतीने, पडद्यावर एक दाखवून सही दुसऱ्यावर घेऊन, सुमारे दीडशे कोटी डॉलर नेले गेले. बायबिटने पैसे काढणं थांबवलं नाही. उसनवारी करून खड्डा भरला. हातात भांडवल असलेला मालक आणि मालक कोण यावरच तंटा असलेली कंपनी, यांतला फरक ग्राहकाला अशा वेळी कळतो.

चार महिने, मग आणखी

रुपयांतली शिल्लक २६ ऑगस्टपासून काढू दिली, तीही सुरुवातीला ६६ टक्केच. दुसऱ्याच दिवशी झेट्टाईने सिंगापूरच्या उच्च न्यायालयाकडे धनकोंपासून संरक्षण मागितलं. २५ सप्टेंबरला, रामनगरची रामलीला सुरू होऊन आठवडा झाला असताना, न्यायालयाने चार महिन्यांची मुदत दिली. दुकानदार आता गुंतवणूकदार राहिला नव्हता, तो एका परदेशी कंपनीचा धनको होता. वाराणसीच्या कोर्टात जाऊन त्याला काही मागता येईल का, हाच मुळात प्रश्न होता. काही ग्राहकांनी दिल्लीत सर्वोच्च न्यायालय गाठलं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली.

दरम्यान भाच्याचं म्हणणं खरं ठरत होतं. हल्ल्याच्या दिवशी बिटकॉइन ६४ हजार डॉलरच्या आसपास होता. ५ डिसेंबर २०२४ ला तो एक लाखाच्या वर गेला. वझीरएक्सच्या ज्या ग्राहकांनी नाणं ओळखलं होतं, वेळ ओळखली होती, त्यांना ते विकता येत नव्हतं. अंदाज बरोबर येऊनही हात रिकामा, अशी गुंतवणूक शेअर बाजारातही क्वचितच वाट्याला येते.

ग्राहकांचं देणं फेडायची कंपनीची पहिली योजना सिंगापूरच्या न्यायालयाने जून २०२५ मध्ये नाकारली. सुधारून, पुन्हा मतदान घेऊन, ऑक्टोबरात ती मंजूर झाली. हल्ल्याच्या दिवशीच्या डॉलर मूल्याच्या हिशेबाने सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत परतावा, उरलेल्यासाठी पुढच्या वसुलीवर हक्क सांगणारी टोकनं. २४ ऑक्टोबर २०२५ ला, पंधरा महिन्यांनी, वझीरएक्सवर पुन्हा खरेदी-विक्री सुरू झाली.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी एका ग्राहक महिलेच्या अर्जावर निकाल दिला. तिने जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईतून १,९८,५१६ रुपये भरून ३,५३२.३० एक्सआरपी घेतले होते. चोरीला गेली ती इथेरियमवरची नाणी. हिचं एक्सआरपी त्यात नव्हतं, तरी खातं मात्र सगळ्यांबरोबर गोठलेलं. न्यायालय म्हणालं, क्रिप्टो हे चलन नाही, पण ती मालमत्ता आहे. तिचा ताबा घेता येतो, ती विश्वस्त म्हणून सांभाळता येते. जे चोरीलाच गेलं नाही ते इतरांचा तोटा भरायला वाटून टाकता येणार नाही, असं म्हणत तिच्या नाण्यांना संरक्षण दिलं. पैसे चेन्नईच्या बँक खात्यातून गेले, म्हणून भारतातलं न्यायालय दाद देऊ शकतं, हेही त्याच निकालात आलं. वकील करायची ऐपत आणि दोन लाखांसाठी भांडायची चिकाटी तिच्याकडे होती.

सिंगापूरच्या योजनेच्या बाजूने मत देणारे नव्वद टक्क्यांहून अधिक होते. त्यांच्यातही कित्येकांकडे फक्त बिटकॉइन किंवा एक्सआरपी असणार.